चॅनल सोळावर उत्तर कोण देणार?

बोटीवर चीफ ऑफिसरची वॉच चार ते आठ असते, पहाटेची आणि संध्याकाळची. एरवी ही सगळ्यात चांगली वॉच. उगवतीला आणि मावळतीला तारे आणि क्षितिज एकदम दिसतात, सेक्स्टंट लावून बोटीची जागा काढता येते. एडनच्या आखातात मात्र हीच वॉच सगळ्यात जड जायची. सोमाली चाचे बहुधा तांबडं फुटताना किंवा दिवेलागणीला यायचे. पाण्यावर अर्धवट उजेड असतो. छोटी होडी रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवते आणि डोळ्यांना दिसते तेव्हा दोन-तीन मैलांवर आलेली असते. दिसल्यापासून डेकला शिडी लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात जे काय करायचं ते करायचं.

नोव्हेंबर २००९ मध्ये मी एका बल्क कॅरियरवर चीफ ऑफिसर होतो. युक्रेनच्या युझ्नी बंदरात युरिया भरून सुएझमार्गे कांडल्याला निघालो होतो. भरलेली बोट, वेग साडेअकरा नॉट, डेक पाण्यापासून जेमतेम चार मीटर वर. चाच्यांना हवी तशी. बोटीवर झेंडा पनामाचा, मालक युरोपातला, बोट चालवणारी कंपनी अंधेरीतली, माल भारतीय शेतकऱ्यांसाठी आणि आम्ही बावीसच्या बावीस जण भारतीय. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं यावरच अडतं.

सुएझ कालव्यात असताना कॅप्टनसाहेबांनी कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, यातून आपल्याला कोण नेईल ते शोध. मी रात्रभर तो गठ्ठा वाचला. त्या वर्षी एडनच्या आखातात जगातली निम्मी मोठी नौदलं जमली होती. युरोपीय संघाची मोहीम डिसेंबर २००८ पासून सुरू होती, तिचं मुख्यालय इंग्लंडमधल्या नॉर्थवुडला. बहारीनमध्ये अमेरिकेच्या पुढाकाराचं संयुक्त दल, त्यातला चाच्यांसाठीचा ताफा जानेवारी २००९ मध्ये उभा राहिलेला. नाटोची तिसरी मोहीम त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून. शिवाय स्वतंत्रपणे आलेले देश : भारत ऑक्टोबर २००८ पासून, मग चीन, रशिया, जपान. जहाजांनी रोज आपली जागा कळवायची ती ब्रिटिशांच्या दुबईतल्या कार्यालयाला, नोंदणी करायची ती युरोपीय केंद्रात, आणि भारतीय नौदलाच्या ताफ्यात जायचं असेल तर अर्ज आपल्या नौवहन महासंचालनालयाकडे.

प्रत्येक ताफ्याची तारीख वेगळी, जमायची जागा वेगळी, किमान वेग वेगळा. भारतीय नौदलाचा ताफा आम्हाला हवा होता. ते कुठल्याही झेंड्याची बोट घेत होते आणि रेडिओवर आपल्या माणसाचा आवाज येतो त्याची किंमत समुद्रावर कळते. पण त्यासाठी दोन दिवस थांबावं लागणार होतं. दोन दिवसांचं इंधन आणि भाडं कोण भरणार, हा प्रश्न आला आणि बोट भाड्याने घेतलेल्या कंपनीने नाही म्हटलं. मग राहिला तो सामायिक मार्ग. फेब्रुवारी २००९ मध्ये आखातात दोन पट्टे आखून दिले होते, एक जाण्याचा, एक येण्याचा, प्रत्येकी पाच सागरी मैल रुंद, मध्ये दोन मैलांची मोकळी जागा, लांबी सुमारे ४९० मैल. सारख्या वेगाच्या बोटींनी ठरलेल्या वेळी आत शिरायचं, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या जागी त्या पहाटे एकत्र असतील आणि आजूबाजूला गस्तीवरच्या युद्धनौका असतील. आमच्या साडेअकरा नॉटला बारा नॉटचा गट झेपणारा नव्हता. आम्ही दहाच्या गटात गेलो. दोन दिवस, दोन रात्री.

मी मुलुंडचा. मुलुंडच्या माणसाला लोकलच्या भाषेत सांगायचं तर, एकाच रुळावर सहा कंपन्यांच्या गाड्या, प्रत्येकीचा गार्ड वेगळा, सिग्नलवाला वेगळा, आणि काही झालं तर कुठल्या स्टेशनमास्तरला हाक मारायची ते गाडीतल्या प्रवाशाने ठरवायचं.

दुसऱ्या पहाटे माझ्याबरोबर ब्रिजवर मामा होते. दाभोळचे सुखाणी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सगळी बोट त्यांना मामाच म्हणायची. दुर्बीण न घेताच म्हणाले, "साहेब, उजव्या अंगाला दोन होड्या."

"मासेमारीवाले असतील मामा. काल संध्याकाळी पण होते."

"जाळं टाकलेला माणूस असा सरळ येत नाही."

मी दुर्बीण लावली. दोन होड्या, प्रत्येकीत पाच-सहा माणसं, मागे पांढरा फेस. मी धोक्याची घंटा दिली, कॅप्टनसाहेबांना बोलावलं, डेकवरचे पाण्याचे होज सुरू केले. आमच्या ठरल्याप्रमाणे अठरा जण खाली स्टिअरिंग गिअरच्या खोलीत गेले आणि आतून पोलादी दार लावून घेतलं. चाचे चढलेच तर तिथे बसून राहायचं. दारामागे सगळे सुखरूप आहेत आणि त्यांच्याशी बोलता येतंय अशी खात्री असल्याशिवाय कुठलंही नौदल बोटीवर माणसं उतरवत नाही, कारण आत एक जरी खलाशी चाच्यांच्या हातात राहिला तर गोळीबारात पहिला तो जातो.

मग व्हीएचएफवर चॅनल सोळा. समुद्रावर मदतीची हाक सगळे या एकाच चॅनलवर मारतात. मी बोटीचं नाव, जागा, वेग सांगितला आणि म्हणालो, दोन होड्या वेगाने येतायत, अंतर दोन मैल.

पहिलं उत्तर अकरा मैलांवरून आलं. एका स्वतंत्र देशाची युद्धनौका, आपला ताफा घेऊन पुढे चाललेली. देशाचं नाव लिहीत नाही. आवाज सभ्य होता. त्याने माझी माहिती परत वाचून दाखवली, सावध राहा म्हणाला, आणि दुबईला फोन करा म्हणाला. दुसरं उत्तर चौतीस मैलांवरून. ही युद्धनौका एका संयुक्त मोहिमेतली. तिने प्रश्न विचारले. झेंडा कुठला? खलाशी कुठले? हत्यारं दिसली का? शिडी दिसली का? शिडीचं त्याने तीनदा विचारलं. मला तेव्हा त्या प्रश्नाचा संताप आला. मी म्हणालो, शिडी दिसेल तेव्हा ती माझ्या डेकला लागलेली असेल. त्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, हेलिकॉप्टर निघालंय.

तेवीस मिनिटं लागली. वळणं घेत घेत बोट पळवायची, म्हणजे होडीला बाजूला लागता येत नाही, पण वळणात वेगही जातो. होड्या चार केबलवर आल्या, म्हणजे अर्ध्या मैलाच्याही आत. एका माणसाच्या अंगावरचा पिवळा शर्ट मला अजून आठवतो. मग आवाज आला आणि त्या होड्या वळल्या. मामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. बाकी कुणी काही बोललं नाही.

दुपारी ईमेल आला. युद्धनौकेने दोन्ही होड्या गाठल्या होत्या. आत दोन बंदुका आणि इंधनाचे ड्रम सापडले. शिडी नव्हती, असलीच तर एव्हाना समुद्राच्या तळाशी होती. त्या भागात येमेनी कोळीही बंदूक बाळगतात, चाच्यांच्याच भीतीने. तेव्हा बंदुका काढून घेतल्या आणि माणसांना सोडून दिलं. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "सोडलं? म्हणजे उद्या दुसऱ्या बोटीला?"

अकरा मैलांवरून न आलेल्या त्या बोटीचा राग माझ्या मनात कितीतरी वर्षं होता. पुढे एका प्रशिक्षणात नौदलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची भेट झाली, त्यांच्यापाशी मी तो बाहेर काढला. ते शांतपणे म्हणाले, तिच्यामागे दहा-बारा बोटी असतील. ती तुमच्याकडे वळली असती आणि तिसरी होडी तिच्या ताफ्यावर गेली असती तर? आणि दुसरं, तिला हुकूम होता तो ताफा राखायचा. तुमच्याकडे यायचं तर तिला आपल्या राजधानीला विचारावं लागलं असतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. राग गेला. पण मग मला दिसलं की आमच्या भोवती बोटी कमी नव्हत्या, तोफा कमी नव्हत्या. प्रत्येक बोट आपल्याबरोबर आपल्या देशाचा हुकूम घेऊन आली होती. गोळी कधी झाडायची, कुणाला पकडायचं, पकडलेल्याला कुठे न्यायचं, हे तीन प्रश्न प्रत्येकीला वेगळे सुटत होते आणि तिसरा तर बहुतेकींना सुटतच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून २००८ मध्ये ठराव करून सोमाली पाण्यात शिरायची मुभा दिली होती. पण पकडलेल्या माणसावर खटला कोण चालवणार? स्वतःच्या देशात नेलं तर तो आश्रय मागेल, सोमालियात परत दिलं तर तिथे न्यायालयच धड नव्हतं. केनियाने काही काळ घेतले, सेशेल्सने घेतले. उरलेल्यांना पाणी आणि डिझेल देऊन किनाऱ्याकडे वळवायचं, हीच रीत होती.

माहितीचंही तेच. नोव्हेंबर २००८ मध्ये आपल्या 'आयएनएस तबर'ने आखातात चाच्यांचं मोठं जहाज बुडवलं तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. टीव्हीवर ती बातमी लागली आणि आमच्या सोसायटीत लोकांनी माझं अभिनंदन केलं, जसं काही मीच तिथे होतो. आठवड्याभराने दुसरी बातमी आली. ते जहाज म्हणजे थायलंडची एक मासेमारी बोट होती, थोड्याच वेळापूर्वी चाच्यांनी पळवलेली, आणि तिचे खलाशी आतच होते. एक जण कित्येक दिवसांनी पाण्यात जिवंत सापडला. बहुतेकांचा पत्ता लागला नाही. नौदलाचं म्हणणं होतं की त्या बोटीवरून हत्यारं रोखली गेली, धमकी दिली गेली, मग स्वसंरक्षणासाठी गोळीबार केला. त्या रात्री त्या कॅप्टनच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी सांगू शकत नाही, आणि ज्याने कधी रात्रीच्या अंधारात समोरची बोट ओळखायचा प्रयत्न केलेला नाही त्याने तर सांगूच नये. पण त्या थाई खलाशांची आठवण मला सोडत नाही. त्यांच्या बोटीचं अपहरण झालंय हे कुणाला तरी ठाऊक होतं. ते तबरच्या ब्रिजवर वेळेत पोचलेलं असतं तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

निदान एकमेकांना माहिती तरी द्यावी म्हणून बहारीनमध्ये बैठका सुरू झाल्या होत्या. तिथे अमेरिकन, युरोपीय, चिनी, भारतीय अधिकारी एका टेबलाशी बसायचे. कुणी कुणाच्या हुकमाखाली जायचं नाही, फक्त कोण कुठे आहे ते सांगायचं. या बैठकांचं मोल मला मोठं वाटतं. भारत, चीन आणि जपान यांनी २०१२ मध्ये आपापल्या ताफ्यांच्या तारखा एकमेकांना जुळवून घेतल्या तेव्हा सुएझमध्ये कागदांचा गठ्ठा वाचणाऱ्या चीफ ऑफिसरचं काम खरंच हलकं झालं. ही तीन नौदलं एकमेकांकडे कुठल्या नजरेने पाहतात ते सगळ्यांना माहीत आहे. तरी वेळापत्रक जुळलं. पण त्याला तीन वर्षं लागली.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. मी बोटीवरून आलो की त्यांना हे सगळं सांगायचो. ते एकदा म्हणाले, हे नवीन नाही रे, थोरातसाहेबांना कोरियात विचार. जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परत न जाणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायला १९५३ मध्ये भारतीय सैन्य गेलं, त्याचे ते प्रमुख. वर पाच देशांचा आयोग : भारत अध्यक्ष, एका बाजूला स्वीडन आणि स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूला पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. दक्षिण कोरियाने भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून बंदरातल्या जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. एका भारतीय अधिकाऱ्याला कैद्यांनी आत ओढून धरलं तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात गेले आणि त्याला सोडवून आणलं. आजोबा म्हणायचे, सैन्य एक होतं, पण कैद्यांचं काय करायचं यावर पाच देशांची पाच मतं होती. पकडलेल्या माणसाचं काय करायचं, यावर सगळं अडतं. मला शिडीवाला प्रश्न आठवला.

२०१० मध्ये जहाज कंपन्यांच्या संघटनांनी चाचेगिरीच्या धोक्याचं क्षेत्र पूर्वेला ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवलं. मुंबई ७३ अंशांच्या आत-बाहेर आहे. म्हणजे भारताचा सगळा पश्चिम किनारा धोक्याच्या रेषेच्या आत. विम्याचे दर वाढले. बोटींवर खासगी बंदूकधारी पहारेकरी आले, काही देशांनी आपले सैनिकच व्यापारी बोटींवर ठेवले. धोक्याची रेषा किनाऱ्याला भिडली की किनाऱ्यावरचा प्रत्येक कोळी संशयित होतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या समुद्रात 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन मच्छीमार मेले. सैनिकांवर खटला कुणी चालवायचा यावर दोन देश आठ-नऊ वर्षं भांडले. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये इटलीच्या बाजूने निकाल दिला, भरपाई द्यायला सांगितलं, आणि २०२१ मध्ये दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. ती रेषा भारताने पुन्हा पुन्हा विरोध केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ६५ अंशांपर्यंत मागे गेली. मध्ये पाच वर्षं गेली होती.

पण त्या काळातलं सगळ्यात मोठं दुःख वेगळं आहे. २०११ च्या जानेवारी ते मार्चमध्ये भारतीय नौदलाने आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात चाच्यांच्या ताब्यातल्या चार बोटी गाठल्या, १२० चाचे पकडून मुंबईला आणले. बाकीची नौदलं बहुतेकांना पकडून सोडत होती, आपण सोडले नाहीत. मला अभिमान वाटला, अजून वाटतो. यलो गेट पोलिसांकडे गुन्हे नोंदले गेले. चाचेगिरीविरुद्ध आपल्याकडे तेव्हा स्वतंत्र कायदा नव्हता, इतर कलमांवर खटले उभे राहिले आणि २०१७ मध्ये शिक्षा झाल्या. पण सोमालियाच्या किनाऱ्यावर त्याचा हिशोब दुसऱ्यांनी चुकवला. 'अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर' नावाची बोट सप्टेंबर २०१० मध्ये पळवली गेली होती. पंधरा भारतीय खलाशी. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी बोट सोडली, आठ जण सोडले आणि सात जणांना किनाऱ्यावर घेऊन गेले. भारत आमची माणसं सोडेल तेव्हा ही सुटतील, असं सांगून.

मी त्या दिवसांत मुलुंडला होतो. संध्याकाळी फोन वाजत राहायचे. घाटकोपरचे, बोरिवलीचे बोटीवाले मित्र. कोण कुठल्या बोटीवर, त्यांच्या घरी कुणी गेलं होतं का. माझ्या आईने पेपर वाचणं सोडलं. ती मला एकच विचारायची, "तिथे एवढ्या देशांच्या बोटी आहेत म्हणतोस, मग त्यांना आणायला कुणाची जाते?" या प्रश्नाला मी तिला नीट उत्तर कधीच दिलं नाही. उत्तर असं होतं की कुणाचीच जात नाही. ती माणसं किनाऱ्यावर होती, बोट सुटली होती, झेंडा दुसऱ्या देशाचा होता, कुठल्याच मोहिमेच्या हुकमात ते सात जण बसत नव्हते. सुटले तेव्हा ऑक्टोबर २०१४ उजाडला होता. बोट सुटून साडेतीन वर्षं.

२०१९ मध्ये मी समुद्र सोडला आणि अंधेरीत एका जहाज व्यवस्थापन कंपनीत कामाला लागलो. ऑफिसात बसून बोटींवर लक्ष ठेवायचं. कामाचा एक भाग म्हणजे रात्रीचा फोन. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि सुएझच्या त्या गठ्ठ्याची मला पुन्हा आठवण आली. डिसेंबरमध्ये अमेरिकेने एक आघाडी जाहीर केली. फेब्रुवारीत युरोपीय संघाने आपली वेगळी मोहीम काढली, ती फक्त बचावाची, जमिनीवर हल्ला न करणारी. भारताने आघाडीत न जाता स्वतःच्या दहाहून अधिक युद्धनौका अरबी समुद्रात उतरवल्या. चीनच्या वेगळ्या. प्रत्येक निर्णयामागे त्या त्या देशाचं कारण आहे आणि भारताचं मला पटतं : तेल, येमेन, इराण, आखातातले लाखो मजूर, कुणाच्या तरी युद्धात ओढलं जायचं नाही.

पण माझ्यापुढच्या स्क्रीनवर एक टँकर होता, एकवीस माणसं, त्यातले सतरा भारतीय, आणि तो बाब-अल-मंदेबच्या उत्तरेला होता. कॅप्टन तरुण होता, बोरिवलीचा. त्याने विचारलं, "सर, एआयएस चालू ठेवू का बंद करू?" एआयएस म्हणजे बोट आपलं नाव आणि जागा सतत सांगत राहते ते यंत्र. बंद केलं तर हल्ला करणाऱ्याला शोधायला कठीण, पण मदतीला येणाऱ्यालाही कठीण. मी चार ठिकाणी विचारलं. एकीकडून बंद ठेवा असा सूर आला, दुसरीकडून चालू ठेवा, तिसरीकडून जोखीम तुम्ही ठरवा, चौथीकडून अर्ज भरा. मी त्याला काय सांगितलं ते महत्त्वाचं नाही. तो सुखरूप बाहेर आला. पहाटे चारला त्याचा एडन ओलांडल्याचा निरोप आला तेव्हा मी अंधेरीच्या त्या ऑफिसात एकटा उभा होतो आणि माझे गुडघे थरथरत होते. २००९ मध्ये ब्रिजवर थरथरले नव्हते.

२६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं. बावीस भारतीय, एक बांगलादेशी. आत नाफ्था. टाकीला आग लागली. तिथे अमेरिकन बोट पोचली, फ्रेंच पोचली आणि आपली 'आयएनएस विशाखापट्टणम' पोचली. आपल्या बोटीवरचे दहा अग्निशमन जवान टँकरवर चढले. कित्येक तास झुंजून आग विझली. तेवीसच्या तेवीस वाचले. यात कुणी कुणाच्या हुकमाखाली नव्हतं. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी मेले, तेव्हा 'आयएनएस कोलकाता'ने एकवीस जणांना उचललं, त्यात भारतीय फक्त एक होता. झेंडा कुणी विचारला नाही.

मी यावर बराच विचार केला. आग, जखमी, बुडणारा माणूस, इथे सगळी नौदलं एक होतात, कारण काय करायचं ते एकच असतं आणि त्यासाठी कुठल्या राजधानीला विचारावं लागत नाही. गोळी झाडायची वेळ आली, माणूस पकडायची वेळ आली, की तीच नौदलं आपापल्या कायद्यात परत जातात. म्हणून मला वाटतं की मोठी संयुक्त फौज, एकच सेनापती, असल्या कल्पनांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ते होणार नाही. मागायचं ते छोटं आहे : चॅनल सोळावर आलेली हाक सगळ्यांच्या टेबलावर एकदम पोचावी, आणि पकडलेल्या माणसाचं काय करायचं ते पकडायच्या आधी ठरलेलं असावं.

दुसरी गोष्ट आपण केली आहे. चाचेगिरीविरोधी कायदा २०२२ मध्ये संसदेने मंजूर केला. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' ही बोट चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडवली. माल्टाचा झेंडा, बल्गेरियाचा मालक, सतरा खलाशी, त्यांत एकही भारतीय नाही, भारताच्या किनाऱ्यापासून चौदाशे मैल दूर. त्यातले पस्तीस चाचे २३ मार्चला मुंबईत उतरवून पोलिसांच्या ताब्यात दिले, आणि या वेळी हातात कायदा होता. पहिल्या गोष्टीचीही सुरुवात झाली आहे. गुरुग्रामला २०१८ पासून नौदलाचं माहिती केंद्र आहे, तिथे अनेक देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसतात. आणि नौवहन महासंचालनालयाचं कार्यालय आता आमच्या कांजूरमार्गला आहे, मुलुंडहून तीन स्टेशनं. तिथलं संपर्क केंद्र चोवीस तास चालू असतं.

मामा आता दाभोळला असतात. मागच्या मे महिन्यात गेलो होतो. त्यांचा नातू डेक कॅडेट म्हणून बोटीवर जायच्या तयारीत होता आणि त्याची आई मला विचारत होती, तिकडे अजून भीती आहे का. मी तिला जे सांगितलं ते बोटीवर माणूस पाठवणाऱ्या प्रत्येक घराला सांगतो. मुलगा साइन ऑन करायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : बोटीवर झेंडा कुठल्या देशाचा आहे, मालक कोण आहे, आणि ती धोक्याच्या पाण्यात जाणार असेल तर तिची नोंद कुठे कुठे केली आहे. कंपनी सांगायला टाळाटाळ करत असेल तर कांजूरमार्गला विचारा. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि वेळ आली तर तुमच्या मुलाची हाक कोण ऐकणार ते याच तीन ओळींवर ठरणार आहे.